घोड्याचं तोंड कुणीकडे

मला घोडा काढता येतो. डहाणू तालुक्यात माझ्याइतका चांगला घोडा दुसरं कुणी काढत नाही, असं मी म्हटलं की आमच्या घरातले निवृत्त रेल्वे कर्मचारी, म्हणजे माझा नवरा, लगेच खोकतात. खोकू देत. मी सगळी हयात शाळेत चित्रकला शिकवली. फळ्यावर खडूने एका दमात घोडा काढला की शेवटच्या बाकावर पेंगणारी पोरंही ताठ बसायची. त्यांतलाच एक पुढे आपल्या गावाचा सरपंच झाला. चित्रकलेत जेमतेम पास, पण घोडा त्याच्या डोक्यात राहिला होता. भातकापणी उरकली तेव्हा एका सकाळी त्याचा फोन आला.

"बाई, एक घोडा पाहिजे."

"कशाला?"

"आमच्या शहिदाला. स्मारक करतोय."

गॅसवरची कढई तशीच राहिली आणि कांदा करपला. मला त्याचं काही वाटलं नाही. निवृत्त झाल्यापासून लोक माझ्याकडे फक्त दोन गोष्टी मागायचे, लग्नाच्या दारातली रांगोळी आणि वारली चित्र. डहाणूची बाई म्हटली की तिला त्रिकोणी माणसं आलीच पाहिजेत, असा बाहेरच्यांचा ठाम समज असतो. ज्यांची ती चित्रं आहेत त्यांनी काढावीत, मी का म्हणून उसनवारी करू? घोडा मात्र माझा आहे. "उद्या येते," मी म्हटलं आणि फोन ठेवल्यावर वाटलं, उद्या कशाला? दुपारी ह्यांना स्कूटर काढायला लावली. उतावळा नवरा म्हणतात, आमच्याकडे उतावळी बायको आहे.

गाव कैनाडच्या पुढे. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण या गोष्टीत एक मोठा घोटाळा आहे आणि त्यात आम्ही सगळेच सापडलो होतो. मोठ्या रस्त्यावरच्या फाट्यावर उतरलं की एक सरळ डांबरी रस्ता आत पाड्याकडे जातो. निम्म्या वाटेवर उजव्या हाताला चिंच, चिंचेखाली चहाची टपरी. समोर, डाव्या हाताला, ओहळाच्या काठाशी, ग्रामपंचायतीने नवाकोरा चौथरा बांधून ठेवला होता, फरशी लावून, पायऱ्यांसकट. वर काही नाही. सत्यनारायणाचा चौरंग मांडावा आणि देव आणायला विसरावं, तसा दिसत होता.

"यावर काय बसवायचं त्यावरच घोडं पेंड खातंय," सरपंच म्हणाला आणि मग टपरीच्या बाकावर बसून त्याने मला सगळा इतिहास सांगितला.

गावातून फौजेत गेलेला तो पहिला. पन्नासेक वर्षांपूर्वीच्या लढाईत गेला. त्याला तिकडेच अग्नी दिला, इकडे आली फक्त पत्र्याची ट्रंक. आता या पाड्यावरची रीत अशी, की माणूस घरी अंथरुणावर गेला तर त्याचं सगळं रीतसर होतं, पण जो बाहेर जातो, पुरात, रानात, परमुलखात, त्याचा वीर बसवावा लागतो. वीर म्हणजे सागाची उभी फळी. तिच्यावर घोडा, घोड्यावर स्वार, वर सूर्य आणि चंद्र. फळी शेताच्या बांधावर पुरली, तिला शेंदूर लावला, की भटकणारा माणूस घरचा होतो. मग सणासुदीला त्याला नारळ, पहिल्या भाताचे दाणे. बापाने मुलासाठी ती फळी स्वतःच्या हाताने कोरली होती. पण साग असला तरी तो कोवळा होता. काही वर्षांत वाळवीने फळी आतून खाऊन टाकली. बापही गेला. मग कधीतरी शाळेच्या पुढाकाराने सिमेंटचा एक खांब उभा राहिला, वर तिरंगा रंगवलेला. रस्ता रुंद करायला जेसीबी आला तेव्हा खांब वाकडा झाला आणि पुढच्या पावसात आडवा पडला.

"आणि आता वरून हा नमुना आलाय," सरपंचाने मोबाइल पुढे केला. काळ्या ग्रॅनाइटवर उलटी रोवलेली बंदूक, तिच्यावर शिरस्त्राण. तसा नमुना चांगला होता, गंभीर होता.

"मग अडचण काय?"

"म्हाताऱ्यांना दाखवला. ते म्हणाले, बंदूक हय, टोपी हय, माणूस कुठं हय?"

मी टाळीच वाजवली. इतकी नेमकी टीका मला माझ्या परीक्षकांनीसुद्धा कधी ऐकवली नव्हती. ह्यांनी माझ्याकडे बघून हळूच म्हटलं, "झालं, आता ही घरी येत नाही." आणि खरंच, त्या संध्याकाळपर्यंत मी तिथून हलले नाही.

टपरीभोवती माणसं जमली. ज्यांनी ती जुनी फळी पाहिली होती असे दोघे-तिघे म्हातारे बाकावर, बाकीचे उकिडवे. मी विचारत सुटले. घोडा उभा होता की पळत? पळत. सूर्य कुठल्या अंगाला? उजव्या. स्वाराच्या हातात काय? तलवार. इथे तंटा झाला, कारण तरुण पोरांना बंदूक हवी होती. "तलवार काय गं बाई, तो काय राजा होता का?" टपरीवाला म्हणाला. हा टपरीवाला बोलण्यात मोठा वस्ताद, चहा गाळता गाळता कुणाचीही फिरकी घ्यायचा. मीही भोळेपणाने विचारलं, की तो पायदळातला शिपाई, आयुष्यात कधी घोड्यावर बसला होता का?

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी सूर्य पूर्वेला का उगवतो असं विचारलंय.

"जित्तेपणी कोण बसतो घोड्यावर?" एक म्हातारा म्हणाला. "वीर झाला की मिलतो."

मी उठले, पर्समधून खडू काढला. हो, निवृत्त झाले तरी पर्समध्ये खडू असतो, त्यावरूनही आमच्या घरात खोकला होतो. आणि भर रस्त्यात, नव्या काळ्या डांबरावर, मी घोडा काढायला बसले. पुढचे दोन्ही पाय उचललेले, मान ताणलेली, शेपटी वाऱ्यावर. स्वाराच्या एका हातात लगाम, दुसरा मांडीवर मोकळा, बंदूक पाठीवर तिरपी. तंटा मिटला. तलवार गेली, बंदूक आली, पण ती वीराच्या हातात नाही, पाठीवर, म्हणून म्हातारेही खूश. वर सूर्य-चंद्र. कडेने मी माझ्या मनाने भाताच्या लोंब्या घातल्या. फाट्याकडून एक वडाप जीप आली, ती थांबली. आतली माणसं उतरून बघायला लागली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही, उलट विचारलं, "अजून किती येल? पुरा होऊ दे, मग जातो."

घोडा मी डावीकडे तोंड करून काढला. कारण साधं होतं. समोरच्या चौथऱ्यावर तो तसा बसवला की त्याचं तोंड फाट्याकडे येत होतं, मोठ्या रस्त्याकडे, तलासरीकडे, तिथून पार उत्तरेच्या सरहद्दीकडे. लढाईला निघालेला शिपाई! मी हे सगळ्यांना हातवारे करून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सरपंच तर म्हणाला, "बाई, येकदम झक्कास." जुन्या फळ्यांच्या बाबतीत तोंड कुणीकडे हा प्रश्नच कधी आला नव्हता, कारण त्या पाड्याच्या आतच पुरलेल्या असतात, घरच्या बांधावर. घरात आलेल्या माणसाला कुणीकडे चाललास म्हणून कोण विचारतं? रस्त्यावर वीर बसवायची या गावाची ही पहिलीच वेळ होती.

पुढचा महिना मी चारोटीला पडीक होते. हायवेच्या कडेला एका कारागिराचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री आणि खाली देव. गणपती, हनुमान, तुळशीवृंदावनं, पाटे-वरवंटे, सगळे एकाच धुळीत. कारागीर गुजरातेतून आलेला, बायकोमुलांसकट इथेच रुळलेला, मराठी बोलायचा पण रागावला की गुजरातीत शिरायचा. माझ्यामुळे त्याला बरेचदा गुजरातीत शिरावं लागलं.

"बेन, हे पाय बहु पातळ. पत्थर छे, कागळ नाही."

"पण पळतोय तो!"

"अरे, आमचे सगळे देव उभे राहतात. आ एकलो पळे छे."

पण त्यालाही चेव चढला होता. दगड काळा, आमच्याच भागातला, उभ्या माणसाच्या डोक्यावर हातभर जाईल एवढा. त्याने पाय दगडातून सुटे न काढता उठावात काढले, मागचा दगड खरबरीत ठेवला आणि घोड्याचं अंग घासून घासून गुळगुळीत केलं. त्यामुळे ऊन आलं की घोडा दगडातून पुढे येतो. ही युक्ती त्याची. मी ती पहिल्यांदा बघितली तेव्हा हायवेवरच्या ट्रकच्या आवाजातही मी किंचाळलेलं ह्यांना ऐकू आलं आणि ते वडापाव टाकून धावत आले. खाली शिपायाचं नाव कोरलं. ते इथे लिहीत नाही, वाचायचं असेल त्याने तिथे जावं आणि टपरीवर चहा घ्यावा.

अनावरण परवावर आलं. फौजेतले एक निवृत्त अधिकारी येणार होते, शाळेचं लेझीम बसलं होतं. दगड टेम्पोतून आला, चौथऱ्यावरच्या खाचेत उभा केला, लाकडी पाचरी ठोकल्या. दुसऱ्या दिवशी सिमेंट भरायचं ठरलं. वर पांढरं कापड टाकलं. मी अशी तरंगत होते की पाय जमिनीला लागत नव्हते. आमच्या लग्नातही मी एवढी आनंदात नव्हते, असं हे म्हणाले आणि मी नाकारलं नाही.

आणि त्याच दुपारी आत्या आली.

आत्या म्हणजे त्या शिपायाची धाकटी बहीण. पाड्याची माहेरवाशीण म्हणून सगळा पाडा तिला आत्या म्हणतो. दिली होती तलासरीच्या बाजूला, आता साठी कधीच ओलांडलेली, केस पांढरे, चाल मात्र तुरुतुरु. वीराला पहिला शेंदूर घरच्या बाईने लावायचा असतो. आई गेलेली, लग्न त्याचं झालं नव्हतं, म्हणजे मान बहिणीचा. तिच्या हातचा शेंदूर लागल्याशिवाय तो नुसता दगड, हे मला पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं. ती अनावरणाच्या दोन दिवस आधीच आली होती, माहेरचं बंद घर झाडून-सारवून ठेवायला. फाट्यावर उतरून डोक्यावर बोचकं घेऊन येत होती, तेवढ्यात सरपंचाने तिला हाक मारली.

"आत्या, ये. आधी तुला दाखवतो."

त्याने कापड काढलं. ऊन तिरपं झालेलं होतं आणि घोडा दगडातून अस्सा बाहेर आला! मी घोड्याकडे बघतच नव्हते, आत्याच्या तोंडाकडे बघत होते. चित्र काढणाऱ्याला याहून मोठं बक्षीस नसतं.

आत्याने बोचकं खाली ठेवलं. बराच वेळ बघितलं. जवळ जायला लागली आणि थांबली. मग तिने मान वळवून फाट्याकडे बघितलं, पुन्हा घोड्याकडे, पुन्हा फाट्याकडे.

"जातो कं?" ती म्हणाली.

"कोण, मावशी?" मी विचारलं.

"माझा भाव. परत जातो?"

सरपंच हातातल्या कापडाची घडी घालायला लागला.

"मी फाट्यापर्यंत गेलतू त्याच्यासंगं," आत्या म्हणाली. "एवढीशी होतू. गाडी आली, तो चढला. मला त्याचं तोंड आठवत नाय, बाय. फोटू पण नाय. पाठ आठवते. सगला जलम ती पाठच बघतंय. आणि तुम्ही दगडात पण त्याला जाताना काढला? मी याला शेंदूर नाय लावायची. येणाऱ्याला लावतात. जाणाऱ्याला कशाला लावू?"

ती ओरडली नाही, रडली नाही. बोचकं उचललं, रस्ता ओलांडून टपरीच्या बाकावर जाऊन बसली आणि चौथऱ्याकडे न बघता पाड्याकडे बघत राहिली.

माझा आनंद असा उतरला, जसं उतू जाणाऱ्या दुधावर पाणी मारावं. सरपंच डोकं खाजवत म्हणाला, "बाई, उलटा नाय करता यायचा का?" मी चारोटीला फोन लावला. "बेन, एकदा कापला एटले कापला. घोडाना तोंडाच्या जागी पूंछ कशी आणू?" कारागीर म्हणाला. दुसरा दगड? महिनाभर लागेल. कुणीतरी म्हणालं, आत्याची समजूत घाला, पाहुणे येऊन जाऊ देत, पुढचं पुढे बघू. मला त्याचा इतका राग आला की मी त्याला शाळेतल्यासारखं भिंतीकडे तोंड करून उभं केलं असतं, पण तिथे भिंत नव्हती. शेंदूर न लागलेला वीर बसवायचा आणि त्यापुढे भाषणं करायची? मग ती उलटी बंदूक काय वाईट होती?

मी आत्याशेजारी बाकावर जाऊन बसले. टपरीवाल्याने न विचारता दोन चहा पुढे ठेवले आणि पहिल्यांदाच कुणाची थट्टा केली नाही.

तेवढ्यात फाट्याकडून एक पिकअप आली आणि टपरीसमोरच थांबली. चिकूचे रिकामे क्रेट पाड्यावर टाकायला चालली होती. ड्रायव्हर चहाला उतरला. गाडीच्या अंगावर पळत्या घोड्याचं स्टिकर होतं आणि घोडा उलटा पळत होता! म्हणजे गाडीचं तोंड पाड्याकडे आणि घोड्याचं फाट्याकडे. माझ्यातली मास्तरीण अशा वेळी गप्प बसत नाही, घर जळत असलं तरी.

"अरे, घोडा उलटा चिकटवलायस."

"सुलटाच हाय, बाई. त्या बाजूनं बघा."

मी कप हातात घेऊनच गाडीला वळसा घालून पलीकडे गेले. त्या बाजूलाही तेच स्टिकर. तोच घोडा, तसाच डावीकडे तोंड केलेला. पण इथे तो गाडीबरोबर पुढे पळत होता, पाड्याकडे! मी पुन्हा अलीकडे आले. फाट्याकडे. पुन्हा पलीकडे गेले. पाड्याकडे. ड्रायव्हर टपरीवाल्याला काहीतरी विचारत होता, बहुधा माझ्या प्रकृतीविषयी. चौथ्या फेरीला माझ्या हातातला चहा सगळा डांबरावर सांडला होता आणि मी ओरडत होते, "रस्ता ओलांडा! अरे, रस्ता ओलांडा!"

"कुणी?" सरपंच धावत आला.

"घोड्याने!"

त्याला समजवायला मला पुन्हा खडू काढावा लागला. तिकडच्या कडेला दगड रस्त्याकडे तोंड करून उभा केला की बघणाऱ्याचा डावा हात फाट्याकडे. तोच दगड उचलून इकडच्या कडेला रस्त्याकडे तोंड करून उभा केला की डावा हात पाड्याकडे. छिन्नीचा एक टवका उडवायला नको. सरपंचाने आधी स्वतः चौथऱ्यासमोर उभं राहून डावा हात पसरला, मग पळत इकडे येऊन टपरीसमोर डावा हात पसरला. असं दोनदा केलं. मग त्याचा चेहरा उजळला. चित्रकलेत मी त्याला पाच मार्क वाढवून द्यायला हवे होते.

"तिकडंच नुसता फिरवला तर?" त्याने विचारलं.

"मग तोंड ओहळाकडे. पाहुणे काय पाण्यात उभे राहून हार घालणार?"

म्हणजे जागा एकच उरली, चिंचेखालची. आणि चिंचेखाली टपरी होती. आम्ही सगळे टपरीवाल्याकडे वळलो. तो किटली हातात धरून हे सगळं ऐकतच होता.

"आणि मी कुठं जाऊ?"

सरपंचाने समोर बोट दाखवलं. चकाचक फरशीचा, पायऱ्या असलेला, रिकामा चौथरा.

"चौथऱ्यावर?" टपरीवाला म्हणाला. "माझी टपरी? मला पण हार घालाल मग." पण तो तिकडे गेला, फरशीवर पाय घासून बघितला, पायरीवर बसून बघितला आणि परत येऊन म्हणाला, "वर पत्रा घालून देणार असाल तर ठीक हय." आत्याने तेव्हा पहिल्यांदा मान वळवली.

मग जी धावपळ उडाली! बांबू उपटले गेले, निळं प्लास्टिक, बरण्या, बाकडी, स्टोव्ह, सगळं रस्ता ओलांडून निघालं. लेझीमचा सराव करणाऱ्या पोरींनी कपबश्या नेल्या. ह्यांनी, ज्यांनी घरी कधी पाण्याचा पेला हलवला नाही, किटली नेली, तीसुद्धा दोन्ही हातांनी. सकाळी कारागीर चारोटीहून स्वतः आला, आल्याआल्या चौथऱ्यावर चहा उकळताना बघून गुजरातीत बरंच काही म्हणाला. मग त्याला डावा हात पसरून दाखवला, तर तो खो-खो हसत सुटला आणि हत्यारं काढली. चिंचेखाली नवा चौथरा बांधायला वेळ नव्हता. म्हातारे म्हणाले, कशाला पाहिजे? वीर जमिनीतच पुरतात. खड्डा खणला, दगडाचा पाया त्यात घट्ट बसवला, भोवती माती चोपली. चौथऱ्यावर घोडा आमच्या डोक्यावरून पळत होता. इथे त्याचे खूर गुडघ्याशी आले आणि स्वाराचा चेहरा आत्याच्या चेहऱ्यासमोर. महिनाभर मी मोजमापं घेतली होती, पण ही उंची माझ्या आराखड्यात नव्हती.

मी तिला विचारलं नाही, लावशील का म्हणून. माझी हिंमत झाली नाही.

अनावरणाच्या दिवशी सगळं आलं. पाहुणे आले, लेझीम झालं, माईकने नेमक्या वेळी मान टाकली. कापड काढल्यावर अधिकाऱ्यांनी कडक सलाम केला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग सरपंचाने आत्याला बोलावलं. ती नवं लुगडं नेसून गर्दीच्या मागे उभी होती, हातात तांब्या. लोकांनी वाट दिली. ती आली ती थेट घोड्यासमोर. बाहेरून आलेल्याच्या पायावर आधी पाणी घालतात, तसं तिने घोड्याच्या खुरांवर पाणी घातलं. मग शेंदूर कालवलेल्या वाटीत बोट बुडवलं. तिचा हात जरा थांबला. मी श्वास रोखून बघत होते, आणि सांगते, मॅट्रिकच्या निकालालासुद्धा माझ्या छातीत एवढं धडधडलं नव्हतं. बोट स्वाराच्या कपाळावर टेकलं. नंतर घोड्याच्या. नंतर सूर्याला, चंद्राला.

"दमला असशील," ती त्याला म्हणाली. "चल घरी."

आणि वळली, पाड्याच्या दिशेने चालायला लागली. रीतच तशी आहे, वीराला घरी नेणारीने पुढे चालायचं आणि उंबऱ्यापर्यंत मागे वळून बघायचं नाही. वळलं तर तो तिथेच थांबतो. तिच्या मागून पाड्यातल्या बायका निघाल्या, मग म्हातारे, मग लेझीमच्या पोरी. पाहुण्यांचं भाषण अजून व्हायचं होतं. ते क्षणभर बावरले, मग टोपी नीट करून तेही चालायला लागले. चौथऱ्यावरून टपरीवाला ओरडला, "अरे, चहाचं काय करू?" पण कुणी लक्ष दिलं नाही.

मी धावत पुढे जाऊन आत्याला गाठलं. ती मान ताठ धरून, समोर बघत चालली होती. मानेच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या. किती वळावंसं वाटत असेल तिला!

"बाय," ती समोर बघतच म्हणाली, "तू त्यातली नायस. तू वळलीस तर चालंल. बघ ना जरा."

मी मागे वळले. रस्ता माणसांनी भरलेला होता आणि माणसांच्या मागे, चिंचेच्या सावलीतून ऊन पडलं होतं तिथे, ओला, शेंदरी घोडा पाय उचलून आमच्याकडे निघालेला होता.

"येतो कं गं?"

"येतोय," मी म्हटलं.

मग ती भराभर चालायला लागली, कारण तिला पुढे जाऊन दार उघडायचं होतं.